दाट प्रथिन-द्रावणांचा विश्लेषक अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर अभ्यास कसा करावा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा किंवा धडगावच्या रुग्णाचा सीबीसी रिपोर्ट हातात घेतला, तर त्यात ‘एमसीएचसी’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे साधारण ३२ ते ३६ ग्रॅम प्रति डेसिलिटर ही सामान्य मर्यादा छापलेली असते. तांबड्या पेशीच्या आत हिमोग्लोबिन किती दाटीने भरले आहे, याचे हे माप आहे. प्रयोगशाळेच्या एककात ते दर मिलिलिटरला ३२० ते ३६० मिलिग्रॅम होते. याच हिमोग्लोबिनचा आपण यंत्रावर अभ्यास करतो तेव्हा मात्र नमुना बहुधा दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही विरल असतो. (पुढे सर्वत्र हे एकक ‘मिग्रॅ/मिली’ असे लिहिले आहे.) सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या संदर्भात हे अंतर फार महत्त्वाचे ठरते, कारण त्या आजारातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन सुटल्यावर जे धागे बनवते, ते ३७ अंश सेल्सियसला सुमारे १६० ते १७० मिग्रॅ/मिलीच्या वर संहती गेल्याशिवाय बनतच नाहीत. विरल द्रावणात हा आजार डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, शिरपूरची औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आणि धुळे, जळगाव, नंदुरबार येथील वैद्यकीय महाविद्यालये यांतील ज्या विद्यार्थ्यांना दाट प्रथिन-द्रावणांवर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. विश्लेषक अल्ट्रासेंट्रिफ्यूज मोजक्याच संस्थांत असतो, त्यावरील वेळ आधी मागून घ्यावी लागते आणि तिथे पोहोचल्यावर चुकांना वाव नसतो. म्हणून निम्म्याहून अधिक तयारी आपल्या गावच्या प्रयोगशाळेतच पुरी व्हायला हवी. उदाहरणासाठी हिमोग्लोबिन घेतले असले, तरी इंजेक्शनच्या औषधांत १०० मिग्रॅ/मिलीच्या वर जाणाऱ्या अँटिबॉडींनाही बहुतेक सर्व गोष्टी तशाच लागू होतात.

आकडा रेणूचा की गर्दीचा?

स्वीडनमधील उप्साला येथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे यंत्र घडवले. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले आणि हिमोग्लोबिन हे त्यांनी सुरुवातीलाच तपासलेल्या प्रथिनांपैकी एक होते. यंत्राचे तत्त्व सोपे आहे. रोटर मिनिटाला काही हजार ते ६०,००० फेऱ्या घेत असताना प्रथिन बाहेरच्या दिशेने सरकत जाते आणि ते कोणत्या अंतरावर किती आहे, हे प्रकाशाच्या साहाय्याने फिरत्या सेलमध्येच (नमुना भरण्याच्या खिडकीवाल्या बंद डबीत) वाचले जाते. सरकण्याच्या वेगावरून अवसादन गुणांक मिळतो. त्याचे एकक स्वेडबर्ग, म्हणजे सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग, हे आहे.

विरल द्रावणात हा गुणांक त्या रेणूचा असतो. दाट द्रावणात तो त्या रेणूचा उरत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत शिरलेला धडधाकट माणूस ज्या चालीने पुढे सरकतो, त्यावरून त्याच्या पायांतील बळ ठरवता येत नाही. तसेच हे आहे. त्याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. प्रथिन तळाकडे जाते तेव्हा त्याने मोकळी केलेली जागा भरण्यासाठी द्रावक उलट्या दिशेने वर येतो आणि हा उलटा प्रवाह प्रत्येक रेणूला मागे रेटतो. या दोन्हींचा एकत्रित परिणाम पुढील सूत्रात मांडला जातो :

मोजलेला अवसादन गुणांक = विरल मर्यादेतील गुणांक ÷ (१ + अवरोध-स्थिरांक × संहती)

अवरोध-स्थिरांक गोलसर प्रथिनांसाठी साधारण ५ ते ९ मिलिलिटर प्रति ग्रॅम इतका असतो आणि लांबट रेणूंसाठी तो अधिक असतो. एकमेकांना न चिकटणाऱ्या कठीण गोळ्यांसाठी बॅचलर यांनी १९७२ मध्ये काढलेल्या गणिताने तो ५ च्या जवळपास येतो. तेव्हा ५ च्या बराच खाली मिळालेला आकडा रेणू एकमेकांना ओढत असल्याची शंका घ्यायला पुरेसा आहे.

आता हिमोग्लोबिनचा हिशोब करून पाहू. चार साखळ्यांच्या पूर्ण रेणूचा गुणांक विरल मर्यादेत सुमारे ४.४ स्वेडबर्ग असतो आणि स्थिरांक ६ धरला, तर १ मिग्रॅ/मिलीला फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा पडतो. १० मिग्रॅ/मिलीला तो ६ टक्के होतो, ५० ला गुणांक ३.४ वर येतो आणि १०० ला २.७५ वर. हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण हिमोग्लोबिन अतिशय विरल केले असता त्याचे जे अर्धे, म्हणजे दोन साखळ्यांचे, तुकडे होतात त्यांचा गुणांकही २.८ च्या आसपासच असतो. फक्त १०० मिग्रॅ/मिलीचा एकच प्रयोग करून परतलेला विद्यार्थी अगदी प्रामाणिकपणे ‘दाट द्रावणात हिमोग्लोबिन तुटते’ असा निष्कर्ष काढू शकतो. प्रत्यक्षात गर्दीत तुकडे जुळण्याकडेच कल वाढतो, म्हणजे निष्कर्ष नेमका उलटा होईल.

म्हणून या कामातला पहिला आणि माझ्या मते एकमेव न मोडण्याचा नियम असा : दाट नमुना एकटा कधीही चालवू नये. ०.३, १, ३, १०, ३०, १०० मिग्रॅ/मिली अशी, प्रत्येक पायरीला साधारण तिप्पट होणारी मालिका एकाच मूळ द्रावणापासून करावी आणि आलेख विरल टोकाकडून दाट टोकाकडे वाचावा. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हा आलेख मधोमध उंचवटा दाखवतो. डाव्या बाजूला तुकडे पडल्यामुळे गुणांक उतरतो, उजव्या बाजूला गर्दीमुळे, आणि ही दोन कारणे वेगळी करण्याची सोय केवळ मालिकेतच आहे. आठ छिद्रांच्या रोटरमध्ये एक छिद्र तोलाच्या वजनासाठी सोडले तरी मालिकेतले सहाही नमुने एकाच वेळी, एकाच तापमानात आणि एकाच वेगात चालवता येतात, म्हणून शक्य तिथे तोच रोटर मागावा.

नमुना गावातच तयार करावा

सराव गाईच्या सीरम अल्ब्युमिनवर करावा. ते स्वस्त असते, पाण्यात भरपूर विरघळते आणि त्याचे वर्तन सर्वपरिचित आहे. रुग्णांच्या रक्तावर काम करायचे असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत घेतलेली लेखी संमती आधी हवी. धडगावच्या पाड्यावर ती भाषा बहुधा पावरी किंवा भिली असेल आणि केवळ मराठी छापील अर्जावर अंगठा घेणे याला संमती म्हणता येणार नाही.

तांबड्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने अनेकदा धुवाव्यात, कमी क्षाराच्या बफरमध्ये फोडाव्यात आणि पेशींची आवरणे सेंट्रिफ्यूजवर बसवून वरचा स्वच्छ लाल भाग घ्यावा. सिकल आणि सामान्य हिमोग्लोबिन वेगळे करायला आयन-विनिमय स्तंभ लागतो. हिमोग्लोबिन हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी मेटहिमोग्लोबिन बनते. ते टाळण्यासाठी बरेच जण ते कार्बन मोनॉक्साइडशी जोडून ठेवतात. हा वायू विषारी आणि गंधहीन असल्यामुळे ते काम चालू फ्यूम हूडमध्येच आणि दुसरी व्यक्ती जवळ असतानाच करावे.

संहती वाढवायला सेंट्रिफ्यूजमधील गाळणी-नळ्या वापरतात. ६४,५०० रेणुभाराच्या प्रथिनासाठी ३०,००० ची (म्हणजे साधारण त्याहून लहान रेणू गळू देणारी) गाळणी चालेल असे वाटते, पण अर्धा तुकडा ३२,००० चा असल्यामुळे तो गळून जाऊ शकतो. म्हणून १०,००० ची घ्यावी. नळी अधूनमधून थांबवून द्रावण हलक्या हाताने ढवळावे, नाही तर गाळणीलगत प्रथिनाचा थर साचतो आणि तिथेच गुठळ्या धरतात.

यानंतरची पायरी डायलिसिसची, म्हणजे नमुना पातळ पडद्याच्या पिशवीत भरून बाहेरच्या बफरशी क्षारांची अदलाबदल होऊ देण्याची, असून ती उरकण्याची नाही. दाट प्रथिनावर विद्युतभार असतो आणि तो भार सोबतच्या क्षारांना ओढून धरतो, त्यामुळे प्रथिनाच्या बाजूचे आणि बाहेरच्या बाजूचे क्षार सारखे राहत नाहीत. हा डोनन परिणाम आवरण्यासाठी बफरमध्ये किमान १०० ते १५० मिलिमोलर मीठ असावे, बाहेरचे बफर अनेक वेळा बदलावे आणि शेवटच्या बदलातले बफर बाटलीत भरून नमुन्याबरोबर न्यावे. यंत्रातील संदर्भ-कप्प्यात, म्हणजे नमुन्याशेजारच्या तुलनेच्या कप्प्यात, तेच भरायचे असते. तिथल्या प्रयोगशाळेत त्याच कृतीने नव्याने केलेले बफर चालेल, हा समज चुकीचा आहे. यंत्रात वाचन शोषणाने किंवा व्यतिकरणाने (प्रकाशलहरींच्या पट्ट्यांवरून) होते आणि व्यतिकरण पद्धत अपवर्तनांकातला फरक मोजते, त्यामुळे तिला मिठातला किरकोळ फरकही प्रथिनासारखाच दिसतो.

मालिका पातळ करताना पिपेटवर विसंबू नये. १०० मिग्रॅ/मिलीचे द्रावण टोकाच्या आतून चिकटून राहते आणि प्रत्येक वेळी थोडे कमीच उतरते. चार दशांशांच्या तराजूवर रिकामी नळी, नमुना टाकलेली नळी आणि बफर टाकलेली नळी अशी तीन वजने घेऊन संहती काढावी. १०० मिग्रॅ/मिलीच्या द्रावणाची घनता बफरपेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक असते, ती या हिशोबात धरावी. संहतीची पडताळणी पॅथॉलॉजीत वापरल्या जाणाऱ्या ड्रॅबकिन पद्धतीने ५४० नॅनोमीटरवर करता येते. त्या द्रवात सायनाइड असते, म्हणून तो आम्लाच्या संपर्कात येऊ देऊ नये आणि बेसिनमध्ये ओतू नये.

प्रवासाबद्दल थोडेसे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे नमुना रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये न्यावा. नळी थेट बर्फाला टेकू देऊ नये, कारण गोठून वितळलेल्या दाट प्रथिनात गुठळ्या होतात. पोहोचल्यावर सर्व नमुने भरण्याआधी छोट्या सेंट्रिफ्यूजवर फिरवून गाळ बाजूला करावा आणि संहती पुन्हा मोजावी.

प्रकाश पार जातो का?

दाट द्रावणाचा प्रयोग बहुतेक वेळा इथे अडतो. हिमोग्लोबिनचे १ मिग्रॅ/मिली द्रावण नेहमीच्या १२ मिलिमीटर जाडीच्या सेलमध्ये ५४० नॅनोमीटरवर सुमारे १ इतके शोषण दाखवते, म्हणजे यंत्राच्या विश्वासार्ह मर्यादेत असते. १०० मिग्रॅ/मिलीला ३ मिलिमीटरचा पातळ सेल घेतला तरी हे शोषण २५ च्या वर जाते आणि यंत्राला फक्त अंधार दिसतो. अँटिबॉडीचे २८० नॅनोमीटरवर हेच होते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र करावे लागतात. पहिला, १० मिग्रॅ/मिलीपासून पुढे ३ मिलिमीटरचे सेंटरपीस (सेलमधला कप्पे असलेला मधला भाग) घ्यावे. दुसरा, शोषणाच्या शिखरापासून दूर जावे. हिमोग्लोबिनसाठी ६०० नॅनोमीटरच्या पुढे शोषण झपाट्याने उतरते. आपल्याच नमुन्याचा वर्णपट १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये आधी घेऊन सेलच्या जाडीला हिशोब करून ज्या तरंगलांबीवर शोषण ०.३ ते १ च्या दरम्यान येईल ती निवडावी. मात्र उतारावरची तरंगलांबी निवडली की तिच्यातला एखाद्या नॅनोमीटरचा फरकही आकडे बदलतो, म्हणून प्रयोग सुरू झाल्यावर ती बदलू नये. तसेच मेटहिमोग्लोबिनचे शिखर ६३० च्या आसपास असते. नमुना किंचित तपकिरी झाला असेल, तर नेमके याच भागात त्याचे सोंग दिसते.

व्यतिकरण पद्धतीला रंगाची पर्वा नसते. ६७५ नॅनोमीटरचा लेसर आणि १२ मिलिमीटरचा सेल असेल, तर प्रथिनाच्या दर १ मिग्रॅ/मिलीमागे साधारण ३.३ पट्टे सरकतात. ३ मिलिमीटरच्या सेलमध्ये ०.८ च्या थोडे वर. याचा अर्थ १०० मिग्रॅ/मिलीच्या सीमेवर (मागे उरलेला द्रावक आणि पुढचे प्रथिन यांच्यामधल्या सरकत्या कडेवर) पातळ सेलमध्येही सुमारे ८३ पट्टे दाटीवाटीने येतात. सीमा जितकी उभी, तितके पट्टे जवळ, आणि एका टप्प्यानंतर कॅमेऱ्याला ते सुटे दिसत नाहीत. शिवाय अपवर्तनांकाचा चढ तीव्र असला की प्रकाशाचा किरण वाकतो आणि सीमा जिथे नाही तिथे उमटते. आलेखात सीमेच्या जागी काळा पट्टा किंवा तुटलेली रेषा आली, तर तो प्रथिनाचा गुणधर्म समजू नये. रोटरचा वेग कमी करावा, सेल आणखी पातळ घ्यावा, आणि तरीही भागले नाही तर त्या संहतीला वेगाचा (सरकण्याची गती मोजणारा) प्रयोग सोडून समतोलाचा (सरकणे थांबल्यावरची स्थिती मोजणारा) प्रयोग करावा; दोन्ही पुढे दिले आहेत. व्यतिकरणासाठी खिडक्या नीलमण्याच्या असाव्यात, कारण वेगाच्या ताणाखाली क्वार्ट्झच्या खिडक्या अधिक वाकतात.

सेल भरणे

३ मिलिमीटरच्या सेलमध्ये प्रत्येक कप्प्यात जेमतेम १०० मायक्रोलिटर द्रव मावतो. सेंटरपीस पातळ असल्यामुळे उरलेली जागा भरायला स्पेसर लागतात. ते, गॅस्केट आणि खिडक्या क्रमाने बसवून टॉर्क रेंचने १२० ते १४० इंच-पाउंडांपर्यंत आवळावे. दाट नमुना भरताना पिपेटचे बारीक टोक छिद्रातून आत कप्प्याच्या तळाशी टेकवून द्रव अगदी सावकाश सोडावा आणि टोक द्रवाबरोबर वर आणत जावे. घाई केली की मधोमध बुडबुडा अडकतो. विरल द्रावणातला बुडबुडा सेल टिचकीने हलवला की वर येतो, पण दाट द्रावणातला जागचा हलत नाही आणि रोटर फिरू लागल्यावर पृष्ठभागाची रेषा वेडीवाकडी करून ठेवतो. असा सेल पुन्हा रिकामा करून भरणे, हेच शेवटी कमी वेळाचे काम ठरते. भरलेला सेल उजेडासमोर धरून दोन्ही कप्प्यांतील पातळी पाहावी. संदर्भ-कप्प्यात बफर किंचित जास्त असावे, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग आलेखात वेगळे ओळखू येतात. छिद्राचा स्क्रू घट्ट करण्याआधी कडेला सांडलेला लाल थेंब ओल्या कागदाने पुसून घ्यावा. नंतर तिथे लाली दिसली, तर ती गळतीची हे नक्की कळते.

भरलेला रोटर पोकळीत ठेवून निर्वात चालू करावा आणि २० अंशांवर किमान एक ते दोन तास स्थिर होऊ द्यावा. तापमान स्थिर होण्याआधी सुरू केलेल्या प्रयोगात सेलमध्ये संवहनाचे प्रवाह उठतात.

वेगाचा प्रयोग आणि त्याचे वाचन

५०,००० फेऱ्यांवर ६.५ सेंटिमीटर त्रिज्येला सुमारे १,८०,००० पट गुरुत्वबल मिळते आणि विरल हिमोग्लोबिन साडेचार-पाच तासांत सेलचा १.४ सेंटिमीटरचा प्रवास संपवते. १०० मिग्रॅ/मिलीच्या नमुन्याला त्याच प्रवासाला आठ तास लागतील, तेव्हा यंत्रावरील वेळ मागताना विरल नमुन्यावरून अंदाज बांधू नये. दाट सीमा उभी ठेवायची नसेल, तर ४०,००० फेऱ्या पुरेत.

दाट नमुन्याची सीमा विरलपेक्षा टोकदार दिसते आणि ती पाहून नमुना फार शुद्ध आहे असे वाटते. हा भ्रम आहे. सीमेच्या मागे संहती कमी असल्यामुळे तिथले रेणू जलद धावून पुढच्यांना गाठतात आणि सीमा स्वतःच धारदार होते. अशी मोजणी आदर्श द्रावण गृहीत धरणाऱ्या नेहमीच्या विश्लेषणात टाकली, तर विसरण (रेणूंचे आपोआप पसरणे) खरेपेक्षा कमी भासते आणि त्यातून रेणुभार फुगतो. सेडफिटसारख्या आज्ञावलीत दाट द्रावणांसाठी अनादर्श वर्तन धरणारे स्वतंत्र प्रतिमान आहे. शुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१८ मध्ये मांडले. सेडॅनल या दुसऱ्या आज्ञावलीतही अवरोध-स्थिरांक घालून आकडे बसवता येतात. माझे मत असे की आधी विरल तीन नमुन्यांवरून रेणूचे मूळ आकडे पक्के करावेत, ते बांधून ठेवावेत आणि मगच दाट नमुन्यांवरून फक्त स्थिरांक मोकळे सोडून काढावेत. सगळेच मोकळे सोडले, तर आज्ञावली काहीही सुंदर बसवून देते.

मिश्रण असेल तर जॉन्स्टन आणि ऑगस्टन यांनी १९४६ मध्ये दाखवलेला परिणाम आठवावा. जलद घटकाच्या गर्दीत मंद घटक आणखी मंदावतो आणि जलद घटकाची सीमा पुढे गेल्यावर मागे मंद घटकाची संहती वाढते. त्यामुळे मंद घटक खरेपेक्षा अधिक आणि जलद घटक कमी दिसतो. दाट औषधातील गुठळ्यांचे प्रमाण थेट अशा आलेखावरून सांगणे त्यामुळे धोक्याचे आहे. गुठळ्या नेहमी जलद असतात आणि नेहमी कमीच मोजल्या जातात.

आणखी एक सूचना. गुणांक प्रमाण परिस्थितीत (२० अंशांच्या पाण्यात) आणताना घनता आणि विष्यंदिता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) बफरची घ्यावी, प्रथिनासह द्रावणाची नव्हे. गर्दीचा परिणाम अवरोध-स्थिरांकात आधीच मोजलेला असतो. द्रावणाची विष्यंदिता घेतली, तर तोच परिणाम दोनदा वजा होतो.

समतोलाचा प्रयोग

रेणू एकमेकांना ढकलतात की ओढतात, हा प्रश्न असेल तर मला वेगापेक्षा समतोलाचा प्रयोग अधिक भरवशाचा वाटतो, कारण समतोलात उलटा प्रवाह आणि विष्यंदिता यांचा संबंधच उरत नाही. कमी वेगाने, दोन-तीन मिलिमीटर उंचीचा छोटा स्तंभ एक-दोन दिवस किंवा अधिक काळ फिरवला की अवसादन आणि विसरण यांची बरोबरी होते. स्तंभ निम्मा केला तर लागणारा काळ एक चतुर्थांश होतो. आलेखात काही तासांच्या अंतराने काढलेली दोन वाचने एकमेकांवर तंतोतंत बसली, की समतोल आला असे समजावे.

हिमोग्लोबिनसाठी १०,००० फेऱ्या आणि ३ मिलिमीटरचा स्तंभ घेतल्यास तळाशी संहती पृष्ठभागाच्या ४.६ पट असायला हवी, असा आदर्श हिशोब येतो. पण १०० मिग्रॅ/मिलीला कठीण गोळ्यांच्या सोप्या प्रतिमानानुसार रेणू एकमेकांची जागा अडवतात आणि भासमान रेणुभार जवळजवळ पावणेदोन पटीने घटतो, म्हणून प्रत्यक्षात हे प्रमाण २.४ च्या आसपास उतरते. मोजलेला चढ यापेक्षा सपाट असेल तर विद्युतभारामुळे अधिकचे प्रतिकर्षण आहे, आणि उभा असेल तर रेणू एकत्र येत आहेत. बफरमधील मीठ वाढवून तोच प्रयोग पुन्हा केल्यास पहिली शक्यता लगेच तपासता येते. व्यतिकरणाने वाचत असाल, तर पट्ट्यांची एकूण संख्या कळत नाही, फक्त फरक कळतो. सुरुवातीची संहती आणि स्तंभातील एकूण प्रथिन कायम राहते या अटीवरून मूळ पातळी ठरवावी लागते. म्हणूनच आधीची तीन वजने महत्त्वाची.

रंगीत प्रथिनाचा एक फायदा इथे घेता येतो. अल्ब्युमिन दृश्य प्रकाश शोषत नाही. त्यामुळे ०.५ मिग्रॅ/मिली हिमोग्लोबिन ० ते १०० मिग्रॅ/मिली अल्ब्युमिनच्या गर्दीत ठेवून ५४० नॅनोमीटरवर वाचले, तर १२ मिलिमीटरच्या सेलमध्ये सुमारे ०.५ शोषण मिळते आणि गर्दी यंत्राला दिसतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अॅलन मिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणेच्या रेणूंवरून गर्दीचा अभ्यास करण्याचा मार्ग रूढ केला. हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडशी जोडलेलेच असावे, कारण मेटहिमोग्लोबिनमधील हीम सुटून अल्ब्युमिनला जाऊन चिकटते आणि मग रंग ज्याचा त्याचा राहत नाही.

साध्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर काय जमते

सिकल हिमोग्लोबिनचे धागे कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या रूपात बनत नाहीत, म्हणून त्यासाठी वर दिलेली मालिका पुरेशी नाही. तिथे विद्राव्यता मोजण्याची जुनी पद्धत कामाला येते आणि ती नमुने वेगळे करण्याच्या साध्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर करता येते. नायट्रोजनखाली सोडियम डायथायोनाइट घालून ऑक्सिजन काढलेले, २०० मिग्रॅ/मिलीच्या वरचे हिमोग्लोबिन बंद नळीत ३७ अंशांवर गोठेपर्यंत ठेवावे, जेल तळाशी बसेपर्यंत फिरवावे आणि वर उरलेल्या द्रवाची संहती मोजावी; तीच विद्राव्यता. रोटर आणि पोकळी दोन्ही आधीपासून ३७ अंशांवर हवेत, कारण हे जेल थंड केले की विरघळते आणि ४ अंशांच्या रोटरमध्ये टाकलेली नळी काहीच न सांगता परत येते. संहती मोजताना ड्रॅबकिन द्रव टाळावा, कारण डायथायोनाइट त्यातील फेरिसायनाइड खाऊन टाकते. नमुना भरपूर पातळ करून कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या रूपात वाचावा.

समतोलाचा प्रयोगही अशाच यंत्रावर करता येतो. रोटर ब्रेकविना थांबू द्यावा, नळी न हलवता वरून पाच-दहा मायक्रोलिटरचे थर क्रमाने काढावेत आणि प्रत्येक थराची संहती वेगळी मोजावी. अचूकता कमी असते, पण ज्या संहतीला प्रकाश पार जात नाही तिथेही ही पद्धत चालते. वीज जाण्याची शक्यता असेल, तर मोठ्या बॅकअपशिवाय दोन दिवसांचा प्रयोग सुरू करू नये. मध्येच थांबलेला समतोल पुन्हा सुरू करून चालत नाही, नमुना मिसळून पहिल्यापासून फिरवावा लागतो.

काम संपल्यावर सेल लगेच उघडून बफरने आणि मग पाण्याने धुवावेत. वाळलेले दाट प्रथिन खिडकीवर जो पातळ थर धरते, तो पुढच्या विरल नमुन्याच्या आलेखात उतरतो. सेंटरपीसला अल्कोहोल किंवा तीव्र अल्कली लावू नये, सौम्य डिटर्जंट पुरेसा आहे. खिडक्या ओरखडा न उठणाऱ्या कागदावर ठेवाव्यात आणि रोटरच्या नोंदवहीत वेग, वेळ व गळती झालेल्या सेलचा क्रमांक लिहून मगच बाहेर पडावे.